बसून राहणारा पाहुणा

"एवढा धडधाकट माणूस, उठायला काय होतं गं ह्याला?"

आत्या धाकटीच्या कानाशी कुजबुजली. आत्याची कुजबूज म्हणजे मागच्या दोन बाकांचीही सोय! धाकटीने तिला कोपर मारलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. पण मिटल्या डोळ्यांनाही तो दिसतच होता... पुढच्या बाकावर, खांबाशेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला वायरमन. सगळी मंडळी उभी, आणि तो एकटा खाली.

ह्या लोकांच्या प्रार्थनाघरात थाटमाट असा काही नव्हता. लाकडी बाक, उंच खिडक्या आणि सगळ्यात शेवटी उठायची प्रार्थना. विश्वास असेल त्याने उठायचं, नसेल त्याने खुशाल बसायचं. पाहुणा बसून राहिला तर 'का बसलात' असं त्याला कधीही विचारायचं नाही, हा वाडवडिलांपासूनचा नियम. पाहुण्याला चांगली जागा द्यायची, चहा द्यायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. विश्वासाचा विषय तेवढा काढायचा नाही.

वायरमन पहिल्यांदा आला तो पंखा दुरुस्त करायला. शिडीवर चढून त्याने पंखा उघडला आणि खाली मंडळी जमली. उतरावं तर शिडी करकरणार, थांबावं तर... बिचारा थांबला. अख्खी प्रार्थना संपेपर्यंत शिडीच्या टोकावर, पंख्याचं पातं पोटाशी धरून! मध्येच त्याच्या खिशातला फडका घरंगळला तो नेमका धाकटीच्या डोक्यावर. तिने वर पाहिलं. त्याने मोकळ्या हाताने आपला कान पकडला, दुसऱ्या कानाला हात पुरेना म्हणून डोळ्यांनीच माफी मागितली. त्या गंभीर शांततेत धाकटी फिस्सकन हसली. आत्याने चिमटा काढला तो वेगळाच.

पंखा त्याच दिवशी सुरू झाला. वायरमन मात्र दर आठवड्याला येत राहिला.

"आता काय झालं पंख्याला?" चहाचा कप पुढे करत एकदा धाकटीने विचारलं.

"पंखा ठणठणीत आहे."

"मग?"

"वायरमनलाच झालंय काहीतरी. इथे येऊन बघतो, उतार पडतोय का."

"मग... पडतोय?"

"छे! चढतच चाललंय."

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायची, 'आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?' त्या दिवसापासून तिचं स्वतःचंच चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दुकान बंद करून ती बाहेर पडली की तो रस्त्याच्या वळणावर उभा असायचा, खांद्यावर वायरची गुंडाळी. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि मग भीती सुरू झाली.

कारण तिचे बाबा. व्यवसायाने शिंपी, पण प्रार्थना तेच सांगायचे. थोरल्या लेकीने न उठणाऱ्याशी लग्न केलं तेव्हा कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. बाबाही भांडले नाहीत, रागावले नाहीत. नुसते गप्प राहिले. त्या गप्प राहण्यातच थोरलीचं येणं-जाणं थांबलं. घरात तिचं नावही आता कोणी घेत नव्हतं. धाकटीला आरडाओरड्याची भीती नव्हती. त्या शांततेची होती. 

"तू... एकदाच उठशील?" एका संध्याकाळी तिने विचारलं.

"उठेन की. पायांना काय धाड भरलीय?" तो हसला, मग हसू विरलं. "पण तुझे बाबा माझ्याकडे बघतात गं. त्यांच्यासमोर खोटं उठू? तू म्हणशील तर उठतो. सांग."

धाकटीने त्याच्या खांद्यावरची वायरची गुंडाळी सारखी केली.

"नको," ती म्हणाली. आणि त्या एका शब्दासरशी तिला कळलं, की आपण आता पुरत्या बुडालो.

पुढच्या आठवड्यात उठायच्या प्रार्थनेला आत्या बसूनच राहिली.

"गुडघे गं माझे..." ती म्हणाली. मग हळूच, "आणि पोरगा एकटा दिसतो. बरं नाही वाटत."

त्यापुढच्या आठवड्यात पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांना चक्कर आली. मग त्यांच्या शेजाऱ्याची पाठ धरली. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नाही, हाही नियमच होता ना! विचारायची चोरी, म्हणून प्रत्येक जण आपापल्या परीने त्याला सोबत करू लागला. बाकामागून बाक खाली बसले. आणि एका सकाळी, प्रार्थनेसाठी बाबांनी मान वर केली तर अख्ख्या सभागृहात दोघंच उभी. ते आणि धाकटी.

मंडळी उठल्याखेरीज बाबा सुरुवात करत नसत. ते थांबले. पंखा गरगरत राहिला.

"अरे दादा, कर की सुरू," आत्या म्हणाली.

"कोणासाठी? इथे तर सगळेच पाहुणे झालेत."

कोणी खोकलं. काका म्हणाले, "आज हवा जरा कोंदटच आहे, नाही?"

बाबांनी प्रार्थनेसाठी उचललेले हात खाली घेतले. धाकटीने ते पाहिलं. वायरमननेही पाहिलं. त्याने बाकाच्या कडेवर हात रोवले, मान खाली घातली आणि तो... उठू लागला.

"बसा!" धाकटी ओरडलीच.

तो अर्धवट वाकलेला तसाच थांबला.

"बाबा, ह्यांचा विश्वास नाही. हे बिचारे तुमची दया येऊन उठताहेत. हे इथे माझ्यासाठी येतात. मलाही हे हवेत. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर म्हणा, पण तोंडाने म्हणा. गप्प नका राहू बाबा... ताईच्या वेळेसारखे गप्प नका राहू."

बाबा वायरमनकडे वळले. "लग्न करायचंय हिच्याशी?"

"हो. पण मी उठणार नाही."

"आत्ता तर उठत होतात!"

"चुकलंच," वायरमन म्हणाला आणि घाईघाईने खाली बसला.

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. धाकटीला वाटलं, झालं... आली ती शांतता.

"एक लेक मी गप्प राहून घालवली," बाबा म्हणाले. मग त्यांनी सगळ्या बाकांवरून नजर फिरवली आणि आवाज चढवला. "हे आमचे होणारे जावई. ह्यांचा विश्वास नाही, ते बसतील. तुमचा असेल तर उठा!"