डावीकडची काच

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रानशेत गावात जो तो गाडी धुण्यात गुंतलेला. कुणाची मोटारसायकल, कुणाचा टेम्पो. मुकेशनंही जुनी मारुती अंगणात घेतली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि बादली भरली. बाकीचे उद्या गाडीला हार घालणार होते. याला मात्र ती देऊन टाकायची होती. धाकटी डहाणू गावचा विनोद संध्याकाळी न्यायला येणार होता.

न देऊन करणार काय? मुकेशची बायको जयश्री गेली त्याला वर्ष झालं, तेव्हापासून आजवर गाडी जागची हलली नव्हती. दवाखान्यातून घरी आणताना, वाटेतच, डाव्या सीटवर काचेला डोकं टेकून ती गेली. याला वाटलं, डोळा लागला असेल. अर्धा रस्ता हा आपला तिच्याशी बोलतच होता.

शाम्पूची पुडी फोडून त्यानं टप घासला, चाकं घासली, मॅट कुंपणावर टाकली. डावी काच मुद्दाम शेवटी ठेवली. तिच्यावर आतून तेलाचा डाग होता, जयश्रीच्या केसांचा, वाटीएवढा. त्याला त्यानं कधी हात लावला नव्हता. पण परक्याच्या हाती गाडी अशी कशी द्यायची? जीव घट्ट करून त्यानं रद्दीच्या कागदानं डाग पुसला. मग मागची काच पुसून वळला, तर डाग होता तिथंच.

"ऊन डोळ्यावर आलं असेल," असं पुटपुटत त्यानं साबणानं घासला. वारा पडला होता. शेतातून पिकल्या भाताचा वास येत होता, आणि त्यात हळूहळू दुसरा वास मिसळला. आवळ्याचं तेल. जयश्री न्हायच्या आदल्या दिवशी लावायची ते. काचेवर डाग पुन्हा उमटला... ताजा. बोट लावलं तर कोमट लागला.

दुसरा असता तर बोंबलत पळाला असता. हा बाबा रडायला लागला! भीती वाटली नाही का? वाटली ना. पण वर्षभर ज्याच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नाही, त्याची भीतीही निराळीच असते, बघा.

मग त्याच्या मनात आलं, ही गाडीतच बसून राहिली तर उद्यापासून परक्यांच्या दारात! बिचारीला अजून कळलंच नसेल, घरी पोचलोय ते.

त्यानं दार उघडलं. 

"जया... घर आलं गं. उतर."

सीट कुरकुरली. कुणी उतरल्यावर उचलते तशी गाडी किंचित वर आली. त्यानं काच पुसली. या वेळी डाग परत आला नाही.

उन्हं कलता विनोद आला, बायको भारतीला घेऊन. "काय चकाचक केलीत हो, मुकेशभाऊ!" म्हणाला, आणि गाडी घेऊन गेला. मुकेश ओट्यावर बसला. तेलाचा वास आला. मग डाव्या खांद्यावर सावकाश भार आला, थकलेलं डोकं टेकावं तसा.

"आलीस?" तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं. खांदा न हलवता तो बोलत बसला, कोंबड्यांचं, शेजारच्या शुक्रीच्या नातवाचं, वर्षभराचं साठलेलं सगळं. पलीकडून हूं नाही की चूं नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. विनोद होता.

"मुकेशभाऊ, पोचलो हो आम्ही. पण... डाव्या काचेला आतून तेल कसलं आहे? भारती पुसते, परत येतं. आणि वाटेत सारखी कुणी बाई विचारत होती... घर आलं का, घर आलं का... तुम्ही ऐकताय ना?"

मुकेश ऐकत होता.  मान डावीकडे वळवायचा धीर होईना.

खांद्यावरचं डोकं जरा आणखी जवळ सरकलं.