अकरा नंबरची काच

"एक्स्क्यूज मी, धिस सीट इज टेकन," मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता रेवानं बजावलं.

"ठाऊक आहे. मजलाच बसवलंय इथं."

रेवा गर्रकन वळली. इथं तमिळ मुलखात, अण्णा नगरच्या प्रयोगशाळेत मराठी? आणि असली?

"तुम्ही बखरीतून उठून आलात का हो?"

"तंजावरहून आलो. बसनं." तो हसला. "अनंतकृष्ण. तुमच्याबरोबरचा दुसरा मोजणारा."

मोजायची होती गुणसूत्रं. निरोगी पेशीत ती शेहेचाळीस. किरणांचा मार बसला, की एक पहारेकरी जनुक पेशीला अडवतं – आधी दुरुस्ती, मग विभाजन. पण ते जनुकच बिघडलं तर? पेशी तुटक्या गुणसूत्रांनिशी विभागत सुटते, आकडे भरकटतात... कर्करोगाच्या गाठीला वाट मोकळी! रेवाला हेच दाखवून द्यायचं होतं. मायक्रोस्कोपखालची कोणती काच कुठल्या पेशींची, हे फक्त प्रयोगशाळेच्या प्रमुख विद्युल्लता मॅडमच्या बंद पाकिटात. दोघांनी वेगवेगळं मोजायचं. पुन्हा मोजायचं, तर रजिस्टरात कारण आणि दोघांच्या सह्या. कारण पटलं नाही, तर चार महिन्यांचं काम बाद!

दहा काचा छान जुळल्या. अकरावीवर मात्र रेवाच्या सगळ्या पेशी शेहेचाळीस. त्याच्या पंचेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास!

"झोपला होतात?" ती उसळली.

"अय्यो, नाही! जागा होतो. फारच जागा... पुन्हा मोजतो. पण तुम्ही बाहेर बसा."

"मी? का म्हणून?"

त्यानं रजिस्टर ओढलं, भराभर लिहिलं आणि तिच्याकडे सरकवलं. त्याचे कान लाल झाले होते.

'त्या दिवशी रेवा पावसात भिजून आली आणि शेजारी पंख्यापाशी केस वाळवत बसली. मोजणाऱ्याचं लक्ष काचेवर नव्हतं.'

रेवा बाहेर गेली. तासभर बाकावर बसून तिनं फक्त स्वतःची धडधड मोजली.

दार उघडलं. "सगळ्या शेहेचाळीस!"

मॅडमनी पाकीट फोडलं. अकरावी काच – निरोगी पेशी! आणि इतर काही काचांवरचे ते चव्वेचाळीस, एकावन्न, त्रेसष्ट असे भरकटलेले आकडे? सगळे बिघडलेल्या जनुकाच्या पेशींचे! रेवानं आनंदानं अनंतकृष्णाचा हातच धरला... आणि सोडायला विसरली.

"कारणाखाली दुसरी सही राहिलीय," मॅडम रजिस्टर वाचत गंभीरपणे म्हणाल्या. "रेवा, तुला हे कारण मान्य आहे?"

रेवानं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. उजवा मोकळा नव्हता.