ड्युटीवरचं घड्याळ

खोटं घड्याळ ओळखायला मला फार वेळ लागत नाही. ही फुशारकी नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी स्वयंपाक येतो का हे विचारायच्या आधी माझ्या हातात भिंग दिलं. त्यांच्या मुलाला या कामात कधीच गम्य नव्हतं. आमचे हे गल्ल्यावर बसतात, वेफर्स खातात आणि गिऱ्हाइकांना गप्पांत गुंतवतात. आमचं दोघांचं छान जमतं.

सध्या विमान कंपन्यांच्या जुन्या घड्याळांचं खूळ आहे. तबकडीवर कंपनीचं चिन्ह, मागे कर्मचाऱ्याचा नंबर. कंपनी ती फक्त विमानात काम करणाऱ्यांना द्यायची, त्यामुळे बाजारात फिरतात ती बहुतेक बनावट. कुठलंही जुनं घड्याळ घ्यायचं, तबकडी खरवडून वर चिन्ह छापायचं, की झालं काम. पण भिंगाखाली छपाईची कड फुटलेली दिसते आणि काटे तबकडीपेक्षा म्हातारे निघतात. केसांना कलप लावला तरी मान वय सांगतेच की!

त्या दुपारी आलेली बाई चाळिशी ओलांडलेली, गाडी शिकवणारी. शिकाऊ पाटीची तिची गाडी दारासमोर आडवीच उभी होती.

‘शिकवणाऱ्यांनीच अशी लावायची, मग शिकणाऱ्यांनी काय करायचं?’ हे म्हणाले.

ती हसली, पण उगाच. घड्याळ माझ्यासमोर ठेवून म्हणाली, ‘काकू, हे खोटं आहे एवढंच सांगा.’

लोक खरं निघावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात, आणि ही उलटंच मागत होती. मी तिला बसवलं, पाणी दिलं.

तिचे वडील विमानात प्रवाशांची सरबराई करायचे. ती अगदी लहान असताना त्यांचं विमान समुद्रावरून गेलं, ते गेलंच. एक स्क्रूसुद्धा सापडला नाही. आई अजून विचारणाऱ्याला सांगते, ‘ड्युटीवर आहेत.’ आणि गेल्या आठवड्यात जुन्या सामानाच्या दुकानात हिला हे घड्याळ दिसलं. मागे बाबांचाच नंबर होता, घरातल्या त्यांच्या ओळखपत्रावरचा. ते कुठून आलं, हे दुकानदाराला काही केल्या आठवेना.

‘ड्युटीवर जाताना बाबांच्या हातात घड्याळ असायचंच. हे खरं असेल तर मागाहून कुणीतरी ते हातातून काढून विकलं. म्हणजे बाबा वाचले, आणि घरी आलेच नाहीत. आईला कोणत्या तोंडाने सांगू? बनावटवाले वाटेल तो नंबर कोरतात ना, काकू? योगायोग असू शकतो ना?’

‘असतो की,’ मी म्हणाले. खोटं निघू दे रे देवा, असं मला मनापासून वाटत होतं.

पण छपाईची कड सुरीसारखी स्वच्छ. काटे आणि तबकडी एकाच वयाची, दोन्हींवर सायीचा रंग चढलेला. कोरलेल्या आकड्यांचे कोपरे घामाने झिजलेले, आणि तशी झीज कुणाला नकली आणता येत नाही. शंकेला जागाच नव्हती. मला फार वाईट वाटलं. तरी काम पुरं करायचं म्हणून मागचं झाकण उघडलं.

माझ्या कानांना दडे बसले.

मी आवंढा गिळला. समोर तीही जबडा हलवून बघत होती. गल्ल्यावरचं वेफर्सचं न फोडलेलं पाकीट फुगून टम्म झालं होतं.

‘अगं, हे बघ!’ हे म्हणाले. ‘लेकीकडे गेलो तेव्हा विमानात अस्संच झालं होतं!’

‘उन्हाने झालं असेल,’ मी म्हणाले. ऊन आमच्या दुकानात येत नाही.

आतलं तेल ओलं होतं. एवढ्या वर्षांत तेलाचा डिंक होतो.

आणि आतलं वजन हलत होतं. या घड्याळांना चावी द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल वजन असतं. मनगट हललं की ते झुलतं आणि घड्याळ चालू राहतं. टेबलावर पडलेल्या घड्याळात ते झुलायचं काही कारण नाही. मी पंखा बंद केला. ह्यांना पाय हलवू नका म्हणून दटावलं. घड्याळ मऊ फडक्याच्या घडीवर ठेवलं.

वजन झुलतच राहिलं. पुढे जायचं, जरा थांबायचं, मागे यायचं. मग थोडं पुढे सरकून पुन्हा तेच.

‘हातात घातलं होतंस का?’

‘छे हो. पिशवीतच होतं.’

हे उठून जवळ आले. वजनाकडे बघत बघत त्यांनी आपला हात तसाच हलवला. हात पुढे, थांबा, हात मागे, एक पाऊल पुढे.

‘अगं,’ ते हळूच म्हणाले, ‘हा जेवण वाढतोय.’



मी झाकण बसवलं. कान फट्‌कन मोकळे झाले.

‘घड्याळ खरं आहे,’ मी तिला म्हणाले. ‘पण ते कुणी हातातून काढलेलं नाही. हे मी लिहून देईन.’

ती रडली आणि रडता रडता हसली. ‘म्हणजे आईचंच खरं!’ म्हणत तिने मला मिठी मारली. गाडी मात्र जाताना अगदी सरळ काढली. मी काय पाहिलं ते आजही मला कळत नाही, पण संध्याकाळी आम्ही दोघं मजेत घरी गेलो. कुणाच्या तरी बापाचं नाव राखलं होतं.

परवा सकाळी तिचा फोन आला.

‘काकू, घड्याळ थांबलं.’ आवाज हळू, पण आनंदाने फुटत होता.

‘मनगट थांबलं की थांबणारच गं,’ मी बोलून गेले, आणि जीभ चावली.

‘हो ना! आले की बाबा. पहाटेच आले. माझ्यापेक्षा लहान दिसतात हो! आईची नुसती धांदल उडालीय, चहाला भांडं पुरत नाहीये.’

‘भांडं का पुरत नाही?’ मी विचारलं.

तिच्यामागे माणसांची कुजबुज ऐकू येत होती. पुष्कळ माणसांची. एक मूल कुरकुरत होतं.

‘काकू, तुमच्याकडे जास्तीच्या खुर्च्या आहेत का हो? जिन्यापर्यंत उभे आहेत सगळे. बाबा म्हणतात, प्रवासी बसल्याशिवाय मी बसणार नाही.’