वाट्याचं कोकरू

मुलांनो, डोळे मिटा आणि एक माळ मनात आणा. त्याच्या पायथ्याशी गाव, आणि गावाला वळसा घालून वाहणारी भीमा. आता खाली उजनीचं धरण उभं राहतं. माणसं सामान घेऊन दुसरीकडे राहायला जातात आणि पाणी मागे मागे चढत येतं. आधी शेतं बुडतात, मग घरं, मग देवळाचा कळस. माळाचा तेवढा माथा उरतो. चहूकडे पाणी, म्हणून त्याला आता बेट म्हणायचं. बेटं अशीही तयार होतात.

इंदापूरच्या अंगाला असं एक बेट आहे. तिथे कुणी राहत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठापासून बेटापर्यंत गाळाची वाट उघडी पडे, आणि निरवांगीचे सिद्धूआबा आपली मेंढरं तिथे चारायला नेत. बरोबर त्यांची नात, छकुली.

चौऱ्याण्णव साली काय झालं, की इंदापुरात आभाळ कोरडंच होतं, पण वर पुण्याकडच्या डोंगरात पाऊस कोसळत होता. ते पाणी खाली आलं आणि वाट बुडू लागली. आबांनी घाईघाईनं मेंढरं काठावर आणली. कवडी नावाची मेंढी तेवढी मागे राहिली. गाभण होती, तिला पळवेना. कवडीची आई मेल्यावर छकुलीनंच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. मग पावसाळाभर वारा असा सुटला, की होडी घालायला कुणी धजेना. छकुली काठावर उभी राहून तिचं ओरडणं ऐकत राहिली.

दिवाळीनंतर वारा पडला. झुंबर नावाच्या मासेमारानं दोघांना होडीत घेतलं.

"आबा, मेंढी कसली घिऊन बसलाय? हाडं गावली तरी लई झालं."

"वल्हं मार गप. पोरगी ऐकतीया."

पाणी तेलासारखं संथ होतं. छकुली वाकून खाली बघत होती. हिरव्या उजेडात एक भिंत आली आणि गेली.

"हितं बाजार भरायचा," आबा हळूच म्हणाले.

बेटावरचं गवत सगळीकडे सारखं खुरटलेलं होतं, मोठा कळप रोज चरून जावा तसं. वाऱ्याला ओल्या लोकरीचा वास होता. आणि खडकामागून कवडी आली. चांगली गुबगुबीत. अंगावरची लोकर नीट कातरलेली. मागे दोन कोकरं, दूध सुटलेली.

"झुंबर, हितं कोण येतं रं?"

"कोण न्हाय. होडी माझी, आन मी बी आजच उतरलोय."

छकुलीनं एक कोकरू उचललं. त्याच्या उजव्या कानाला मागून अर्धचंद्रासारखा काप होता, भरून आलेला. दुसऱ्याचे कान कोरे होते.

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. एकाची मेंढी दुसऱ्यानं सांभाळली, तर पिल्लं निम्मी निम्मी. सांभाळणारा आपल्या वाट्याच्या कोकराच्या कानावर आपली खूण करतो. मग ते त्याचं.

आबांनी त्या कापावरून अंगठा फिरवला.

"खूण वळखीची हाय," ते म्हणाले. "बुडाल्याल्या गावातल्या मेंढरांच्या कानाला असायची. ठेव ते खाली."

"आबा, ह्ये बी नेऊ की."

"न्हाय बाय. आपला वाटा आपल्याला सोडलाय. सरळ माणूस हाय."

"कोण?"

आबांनी रिकाम्या माळाकडे बघून पटक्याला हात लावला. "राम राम," म्हणाले.

छकुलीनं कोकरू खाली ठेवलं. ते आईमागे आलं नाही. मोकळ्या जागी जाऊन एका अंगावर कललं, कुणाच्या तरी पायाला टेकावं तसं. हनुवटी वर केली. डोळे मिटले.

ते पडलं नाही.

झुंबरनं होडी लोटली. कवडी आणि कोऱ्या कानाचं कोकरू छकुलीच्या पायाशी बसलं.



जरा अंतर गेल्यावर छकुली बेटाकडे वळली, तिकडून कुणी नाव विचारल्यासारखी.

"छकुली," ती म्हणाली. "सिद्धूआबाची नात."

झुंबरचं वल्हं थांबलं.

"व्हय, निरवांगीच. वढ्याच्या अलीकडचं घर."

मग तिनं बराच वेळ ऐकून घेतलं, आणि हसून मान डोलावली.