किशनरावांचा शेवटचा चिरूट

"मालक, पाणी आणू का?"

मुंजाजीनं दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही, म्हणून तो उसाला वळसा घालून आंब्याखाली आला.

किशनराव झोपाळ्यावर बसलेलेच होते. पण मान छातीवर लोंबत होती आणि डोकं मागून फुटलं होतं. कुऱ्हाडीचा पहिला घाव टाळूवर बसला होता, दुसऱ्यानं मान निम्मी तुटली होती. फळीवरून ठिबकणाऱ्या रक्ताचं खाली थारोळं झालं होतं. त्यात कुऱ्हाड पडली होती, आणि ती मुंजाजीचीच होती, एरवी आंब्याच्या खोडाला टेकवून ठेवलेली असायची.

त्यानं खुळ्यासारखं मालकाला कवेत घेतलं. मान उचलून जागेवर बसवायला गेला. ती बसेना, तेव्हा त्यानं बोंब ठोकली. गाव धावत आलं, तर गडी डोक्यापासून पायापर्यंत रक्तानं माखलेला.

गावाचं नाव मी सांगणार नाही, किशनराव देशमुखांचे भाऊबंद अजून तिथं नांदतात. सेलूहून सकाळी गाडी जुंपली की दुपारी पोचावं, एवढंच समजा. अंमल निजामाचा होता आणि तिकडं विलायतेत लढाई पेटली होती.

चौकीच्या चंद्रभान जमादाराला इतका सोपा खून आयुष्यात मिळाला नव्हता. मेलेला माणूस आहे, कुऱ्हाड आहे, रक्तानं भरलेला गडी आहे. त्यानं पंचनामा उरकला, प्रेत दहनाला दिलं आणि मुंजाजीला तुळईला टांगलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुंजाजीच्या उजव्या हाताची बोटं लाठीच्या बुडाखाली एकेक करून मोडून झाली होती. तरी तो कबूल होत नव्हता.

तालुक्याहून पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, अनंतराव पाथरीकर आले तेव्हा चौकीच्या वाटेवर एक बाई घोड्याला आडवी झाली. ती मुंजाजीची बायको, कडूबाई.

"सायब, माझ्या धन्याची बोटं मोडली. सांजपातूर जीवच घेत्याल. त्यानं न्हाई मारलं मालकाला."

"कशावरून?"

"मालकाच्या घरचं उष्टं-पाष्टं खाऊन जगायलोत आमी. मालक मेल्यावर आमाला कोन खाऊ घालायलंय?"

अनंतराव उंच, हडकुळे आणि तुसडे गृहस्थ. त्यांना बायकांचं रडणं सोसत नसे आणि जमादारांचं हसणं तर त्याहून नसे. चौकीत नेमका जमादार हसत उभा होता.

"कबूल झाला?"

"होतोय, हुजूर. अजून डावा हात हाय की. सांजच्याला इकबाल, कबुलीजबाब घेतो, उद्या परभणीला चालान. फाशी पक्की."

"त्याला खाली उतरव आधी. झडतीत काय मिळालं?"

जमादारानं मुंजाजीची चंची टेबलावर उलटी केली. पान-तंबाखूबरोबर चिरुटाची सात-आठ थोटकं पडली. "चोर हाय, हुजूर. मालकाचे चिरूट मारायचा."

किशनराव आणि त्यांचे चिरूट ही त्या गावची मोठीच करमणूक होती. मागल्या साली ते एका लग्नाला हैदराबादला गेले. तिथं कुणा बॅरिस्टराच्या तोंडात चिरूट पाहिला आणि हा माणूस चाळिशी उलटल्यावर नव्या छंदाला लागला. त्रिचनापल्लीहून पार्सल सेलूच्या ठेसनावर यायचं. सागवानी पेटीत ओलसर फडक्याखाली चिरूट ठेवायचे. पेटीला दुसऱ्या कुणी हात लावला की खेकसायचे. बॅरिस्टराची कातरी परवडली नाही की आवडली नाही कोण जाणे, पण ते टोक कापायला सुपारीचा अडकित्ता वापरायचे. घरात वास नको म्हणून बायकोनं, धुरपताबाईंनी, त्यांना मळ्यात हाकललं होतं. जेवण झालं की झोपाळ्यावर बसून सावकाश एक चिरूट ओढायचा, हा नेम. घाई करायची नाही. राख झाडायची नाही. ती बोटासारखी लांब, अखंड वाढू द्यायची आणि मग पितळी ताटलीत अलगद उतरवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. लोक तोंडावर वाहवा करत आणि पाठ फिरली की हसत.

अनंतरावांनी एक थोटूक उचललं. तोंडाकडचं टोक दातवण चावावं तसं चावून चोथा झालं होतं. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळी तशीच होती.

"मुंजाजी, ही कुठली?"

"मालक वढून टाकायचे, सायब. मी उचलायचो. मालकाला म्हाईत व्हतं, हसायचे."

"टोकं इतकी कुणी चावली?"

"मालकानं. लय चघळायची सवं व्हती. उरलं-सुरलं मी तसंच तोंडात धरायचो."

"काल काय झालं ते सांग."

"मालकाचं जेवान झालं. मी चुलीतला निखारा आणून दिला. चिरूट पेटला तसं म्हणले, जा, मोट धर. मी गेलो."

"विहिरीवरून झोपाळा दिसतो?"

"न्हाई जी, मधी ऊस हाय. अन् मोटंच्या करकरीत ऐकू तरी काय येतंय? मालकाचा चिरूट सपायचा तवर माझे वाफे भिजायचे. रोजचंच हाय ते. वाफे भिजले, बैलं सोडली अन् आलो, तर..."

फुगलेला, काळानिळा पंजा छातीशी धरून तो पोरासारखा रडायला लागला. अनंतरावांना स्वतःच्या वर्दीची लाज वाटली.

मळ्यातल्या झोपाळ्याची फळी अजून काळपट होती आणि तिच्यावर माशा घोंगावत होत्या. जमादारानं कशाला हात लागू दिला नव्हता, तेवढं एक काम बरं केलं होतं. ताटलीत चिरुटाचं अंगठ्याच्या पेराएवढं थोटूक होतं. राख मात्र ताटलीत चिमूटभरच होती. बाकीची फळीवर आणि खाली धुळीत भुरभुरली होती.

"बघा हुजूर," जमादार म्हणाला, "मालकानं चिरूट संपवला. म्हंजी तवर जित्ते व्हते. ह्याचे वाफे भिजले तवाच घाव पडला. त्या वक्ताला मळ्यात ह्याच्याबिगर कोण व्हतं?"

"कुणी नाही," अनंतराव म्हणाले. त्यांनी थोटूक कागदात घेऊन तोंडाकडचं टोक उन्हात धरलं. त्यावर दातांची एक पुसट खूण होती. बाकी पान कोरडं, गुळगुळीत होतं. त्यांनी ते हुंगलं, सणसणीत शिंकले आणि कागद खिशात घातला.

देशमुखांच्या घरी ओसरीवर माणिकराव बसले होते. किशनरावांचे सख्खे चुलतभाऊ. डोकं भादरलेलं, शेजारी स्वतःचा तांब्या, उजव्या हाताला हळदीची पट्टी.

"हाताला काय झालं?"

"चितेला अग्नी देताना भाजलं. भावाला दुसरं कोण हाय? मीच दिला."

"काल दुपारी कुठं होता?"

"मारुतीच्या पारावर, सोंगट्या खेळायलो व्हतो. बोंब आली तवा तिसरा डाव चालला व्हता. इचारा कुणालाबी."

"मळ्यात गेला नव्हता?"

"सकाळपास्नं न्हाई."

"तुम्हीही चिरूट ओढता म्हणे."

"किशननं दिला व्हता एक-दोनदा. ते चघळणं आपल्याला जमत न्हाई. आपली चिलीम बरी. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो की गोसाव्यांत बसून दोन दम मारायचे, बस."

आतून, दाराआडून धुरपताबाईंचा आवाज आला. तो रडून बसला होता.

"अमीनसाहेब, येत्या गुरुवारी दत्तकविधान होतं. घराण्यातलाच मुलगा ठरला होता. भाऊजींना पसंत नव्हतं."

"आणि आता?"

"वाटण्या झालेल्या न्हाईत. आता त्यांच्या हो म्हणण्याबिगर मला दत्तक घेता येत न्हाई. सगळं त्यांचंच की."

माणिकरावांनी तांब्या उंच धरून घशात पाण्याची धार सोडली. ओठाला थेंब लागू दिला नाही.

पारावरच्या म्हाताऱ्या आबासाहेबांना अनंतरावांनी एकच विचारलं, "माणिकराव काल आले तेव्हा कसे होते?"

"ओले!" आबासाहेब बोळक्या तोंडानं हसले. "केसांतनं पाणी गळायलं व्हतं. त्याला इटाळ लय. कुणाची सावली पडली तरी न्हाऊन येतंय. आमी चेष्टा केली. मंग दोन डाव झाले, तिसरा मांडला, अन् मुंजाजीची बोंब आली."

दिवस कलायच्या आत अनंतरावांनी पंचांना चौकीत बसवलं. माणिकरावांना मानाची खुर्ची दिली. मुंजाजी भिंतीशी, कडूबाई उंबऱ्यापाशी. टेबलावर किशनरावांची सागवानी पेटी आणि अडकित्ता.

अमीनसाहेबांनी पेटीतला एक चिरूट काढला, टोक कापलं आणि पेटवला. पहिल्याच झुरक्याला त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. पंच खदखदले. दुसरा झुरका त्यांनी नेटानं ओढला आणि चिरूट पुढं केला.

"हे आपलं काम नाही. घ्या माणिकराव, तुमच्या भावाच्या नावानं एक दम मारा. अमीनाचा मान समजा."

माणिकराव घुटमळले. पण अमीनाला नाही कोण म्हणणार? त्यांनी डाव्या हातात चिरूट घेतला, करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरला, मूठ वळली आणि अंगठ्याच्या पोकळीला ओठ लावून जोरात दम ओढला. चिरूट फुलला. राख भुरभुरत त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पडली.



"अगदी चिलमीसारखा," अनंतराव शांतपणे म्हणाले. "ओठ न लावता. जमादार, यांच्या उजव्या हाताची पट्टी सोड."

"कशापायी?" माणिकराव उठले. दोन शिपायांनी त्यांना दाबून बसवलं. पट्टी सुटली. पंजाची पाठ स्वच्छ होती. फोड होता तो करंगळीच्या बेचक्यात, आतल्या बाजूला, टम्म फुगलेला.

"चितेनं हात बाहेरून भाजतो. मिटल्या मुठीच्या आत चिता कशी शिरली?" अनंतरावांनी खिशातलं थोटूक त्या फोडाशी धरलं. "पंच, जवळ या. किशनराव चिरूट चावून चोथा करत. ही मुंजाजीच्या चंचीतली थोटकं बघा. आणि हे प्रेताजवळचं बघा. दाताची एकच खूण, बाकी टोक कोरं. किशनरावांनी या चिरुटाचे चार झुरकेही घेतले नव्हते. पेटवला, मुंजाजी मोटेकडं वळला आणि कुऱ्हाड पडली."

"मंग उरलेला कुणी वढला?" एका पंचानं विचारलं.

"मारणाऱ्यानं. सगळ्या गावाला ठाऊक होतं की चिरूट संपेपर्यंत मुंजाजीचे वाफे भिजतात. चिरूट संपलेला दिसला, तर खून अगदी शेवटी झाला असं दिसणार. त्या वेळी मळ्यात फक्त गडी, आणि हे पारावर सोंगट्या खेळत. म्हणून हा माणूस भावाच्या प्रेताशेजारी बसला, रक्त ठिबकत असताना, आणि चिलमीचे दम मारून चिरूट झरझर जाळला. किशनरावांची राख अखंड उतरायची, ही सगळीकडं भुरभुरली. चिलीम शेवटपर्यंत ओढली तरी मातीची असते, ती आखूड होत नाही. चिरूट आखूड होत बोटापर्यंत आला आणि हात पोळला. मग रक्त धुवायला आंघोळ केली. यांच्या आंघोळीचं कुणाला नवल वाटणार होतं?"

माणिकरावांनी झडप घातली. टेबलावरचा अडकित्ता उचलून त्यांनी अनंतरावांच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा घाव पडायच्या आत जमादाराची लाठी माणिकरावांच्या जबड्यावर बसली, मग खांद्यावर, मग पाठीवर. दात फरशीवर सांडले. दुपारपर्यंत मुंजाजीवर चाललेला तोच उत्साह आता इकडं वळला होता.

"पुरे!" अनंतराव ओरडले. "आणखी एक काठी पडली तर तुझी वर्दी उतरवीन."

माणिकराव जमिनीवर पडल्या पडल्या ओरडले, "माझ्या लेकरांच्या तोंडचा घास उपटून दुसऱ्याच्या पोराला द्यायला निघाला व्हता! मारला! परत जित्ता झाला तर परत मारीन!"

पंचांनी ऐकलं. कुणाचंही बोट मोडावं लागलं नव्हतं.

अनंतराव भुवईवर रुमाल दाबून त्यांच्याजवळ वाकले. "एक सांगा. चिरूट नुसता तोंडात धरून चार ठिकाणी चावला असता, तर मला काहीही कळलं नसतं. हा मुंजाजी फासावर गेला असता. का नाही धरलात?"

माणिकरावांनी रक्ताची गुळणी थुंकली. असला खुळा प्रश्न विचारणाऱ्या अमीनाची त्यांना कीव आली असावी.

"उष्टा व्हता तो," ते म्हणाले.

अनंतराव सरळ झाले. त्यांनी मुंजाजीला सेलूच्या दवाखान्यात न्यायला देशमुखांचीच गाडी जुंपायला सांगितली. कडूबाई उंबरा ओलांडून आत आली होती. नवऱ्याचा मोडका पंजा पदरात घेऊन ती जमिनीवर पडलेल्या माणिकरावांकडं बघत होती.

"आमी जलमभर उष्टं खाल्लं, सायब," ती म्हणाली. "पर कुणाचं रगात न्हाई सांडलं."