एका शब्दाचा चुकीचा अर्थ

"माय हसबंड पास्ड आउट!" औंढ्याच्या नागनाथाच्या दर्शनाला आलेल्या मद्रासकडच्या एक बाई दवाखान्याच्या दारातच ओरडल्या.

शिला गोंधळली. नवरा पास झाला, मग ही रडते काहून? तरी हसून म्हणाली, "कॉन्ग्रॅच्युलेशन्स!"

"सिस्टर—" मागून कुणीतरी घाईनं म्हणालं, "बेशुद्ध पडलाय त्यांचा नवरा. रिक्षात आहे!"

ती स्ट्रेचर घेऊन धावली. त्याच्या रक्तातली साखर कमी झाली होती. ग्लुकोजचं सलाईन लागताच माणूस डोळे उघडून बोलू लागला. मग तिनं वळून पाहिलं. मघा मागून बोललेला, त्याच दिवशी रुजू झालेला एक्स-रेवाला, प्रेमदास चव्हाण, ओठ मिटून हसू दाबत होता. शिलाचे कान तापले.

ही दोन हजार तीनची गोष्ट. हिंगोलीच्या त्या खासगी दवाखान्यात शिला राठोड नर्स होती. तिनं हैदराबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अर्ज टाकला होता. मुलाखत इंग्रजीत होणार होती. पुस्तकातलं इंग्रजी तिला यायचं. पण लोकांच्या बोलण्यातले असे जोडशब्द तिला चकवायचे. प्रेमदास पुण्यात परदेशी पेशंटांमध्ये राहून ते शिकला होता.

"शिकवू का?" त्यानं विचारलं.

"फुकट?"

"व्हय."

"काहून?"

तो एक्स-रेची पाकिटं उगाच रचू लागला... शिलाचा संशय तिथूनच सुरू झाला.

रोज चहाच्या वेळी तो एक्स-रेच्या जुन्या पाकिटामागे लिहून द्यायचा. थ्रो अप म्हणजे उलटी होणं. कम राउंड म्हणजे शुद्धीवर येणं. वेअर ऑफ म्हणजे भूल उतरणं. फिल्म धुण्याच्या डार्करूमचा आंबूस वास त्याच्या स्वेटरला यायचा.

"लुक आफ्टर?"

"काळजी घेणं."

"कुणाची?"

"...पेशंटची," तो म्हणाला, आणि पेनाचं टोपण त्याच्या हातून पडलं.

शिलासोबतची नर्स रुक्सार म्हणाली, "जपून ऱ्हाय गं. तो एक्स-रेवाला ऑफिसात तुझा तांडा कोणता, बापाचं नाव काय, सगळं विचारून राहिला होता."

आणि मग मुलाखतीचं पत्र आलं. शिलानं ते आनंदानं दाखवलं, तर प्रेमदासच्या हातातली फिल्म तशीच पाण्यात घसरली. त्या दिवशी त्यानं शिकवलं, "पुल थ्रू... म्हणजे दगावणं." सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. एरवी तर नजर हटत नसे!

बुधवारी राउंडला तिनं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "जिवावरच्या दुखण्यातून वाचणं."

म्हणजे प्रेमदासनं शिलाला उलटा अर्थ शिकवला होता. तिला आता रोजच्या चहाची, त्या वासाची सवय झाली होती. म्हणून ती भांडली नाही. रोज जाऊन एवढंच विचारी, "मागचं काही सांगायचं राहिलं का?"

"न्हाई," तो पाकिटाकडे बघत म्हणे.

शनिवारी सकाळी हैदराबादची गाडी धरायला ती नांदेडच्या बसमध्ये बसली होती. प्रेमदास उलटा स्वेटर घालून धावत आला आणि खिडकीपाशी थांबला.

"एक शब्द... मी चुकीचा सांगितला. मुद्दाम."

"पुल थ्रू."

तो बघतच राहिला. "तुमाला म्हाईत होतं?"

"बुधवारपासून. तुमी सांगता का, तेच बघून राहिले होते. आन् वाचलेल्या माणसाच्या बायकोला मी तो मेला म्हणून सांगितलं असतं तर?"

"रातभर तेच डोक्यात होतं." त्यानं खिडकीचा गज धरला. "तुमी नापास झाल्या तर इथंच राहाल, असं वाटलं. लई हलकं काम केलं. पर तुमी गेल्यावर मी... चहा कुणासोबत पिऊ?"

शिला रागानं बघत होती. राग मात्र नीट धरता येईना. कंडक्टरनं घंटी मारली.

"हैदराबादेत एक्स-रेवाले लागत न्हाईत का?" तिनं पुढं बघतच विचारलं.

"लागतात!" तो बसबरोबर धावू लागला. "अर्ज करू?"

"आधी तांड्यावर या! बापूला विचारा!"

नोकरी तिला लागली. ती जायच्या आदल्या रविवारी प्रेमदास तांड्यावर गेला. तिचे वडील थावरा राठोड यांच्यासमोर बसून त्यानं आधी चूक सांगितली, मग मागणी घातली.

थावरानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सोताहून सांगितलंस, का पकडला गेलास?"

प्रेमदासनं दाराकडे बघितलं.

"दोन्ही बी," शिला दारातून म्हणाली, आणि चहाचा पहिला कप तिनं त्याच्या हातात दिला.