एप्रिल की ऑक्टोबर

नागपूरच्या धंतोलीत औषधाचं दुकान हाकेच्या अंतरावर मिळेल, पण फॅक्स? ज्याला विचारावं तो रोशनीलाच हसायचा. "कोणत्या जमान्यात राहून राहिली वं?" आता जपानमधल्या एका वृद्धाश्रमाला नर्सच्या नोकरीचा अर्ज फॅक्सनंच हवा होता, त्याला ती बिचारी काय करणार!

शेवटी एका चहावाल्यानं मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तिथल्या झेरॉक्सच्या दुकानात, इन्शुरन्सच्या कागदांसाठी, एक जुनं मशीन अजून तग धरून होतं — आणि त्याच्यामागे प्रशिक. बाहीवर शाईचा काळा डाग, डोळ्यांत मिश्कील हसू.

"जपानले पाठवायचं? मग कव्हर लेटर कुठं आहे, मॅडम?"

"ते काहून लागते?"

"पाहुणा दारात आला की आधी नाव-गाव सांगते ना? तसंच. कोणासाठी, कोणाकडून, किती पानं. नाहीतर ते लोक उचलून कचऱ्यात टाकतीन."

रोशनीनं स्टुलावर बसून तिथंच पत्र लिहिलं. त्यानं वाचलं आणि सरळ अर्ध्या पानावर काट मारली.

"अरे बापा! सगळंच काहून खोडून राहिले?"

"'मोस्ट हम्बली', 'काइंडली ओब्लाइज'... नोकरी मागून राहिल्या की भीक? आयसीयू सांभाळता, जपानी शिकल्या. जे येते ते लिहा, जे पाहिजे ते सरळ मागा. बस!"

राग यायला हवा होता, पण तिला तो माणूस भारी आवडला. खरं सांगायचं तर तिथंच पोरगी फसली.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून ती पुन्हा आली, एक वाक्य बदलायला. मग पत्ता तपासायला. मग नुसत्या एका स्वल्पविरामासाठी! घरी नेणारी नंदनवनची बस डोळ्यांदेखत निघून जायची आणि तिला काही वाटायचं नाही. 'मॅडम'चं 'रोशनी' झालं, 'तुम्ही'चं 'तू' झालं. थंडीच्या त्या संध्याकाळी तो संत्रं सोलायचा, अर्धं न विचारता तिच्या हातावर ठेवायचा.

"यावर फोटो लावू का?" तिनं विचारलं.

"नको लावू वं. फॅक्समध्ये सगळे भुतासारखे दिसतात."

"म्हणजे... एरवी मी चांगली दिसते?"

प्रशिकनं घाईघाईनं मशीनचं झाकण उघडलं आणि न अडकलेला कागद शोधत बसला. कान मात्र लालेलाल.

शेवटी एकच ओळ उरली. कधी येणार, एप्रिलच्या तुकडीत की ऑक्टोबरच्या?

रोशनीनं बोटांवर महिने मोजले. एप्रिल म्हणजे हा हिवाळा तेवढा हातात. ऑक्टोबर म्हटलं तर... घरी सांगता आलं असतं, दोघांचं काही ठरलं असतं. त्यानं फक्त तोंड उघडायचं होतं.

"तूच सांग ना गा. काय लिहू?"

"नोकरी तुझी. मी कोण सांगणारा?"

"मग एप्रिलच लिहिते!" ती फणकाऱ्यानं म्हणाली.

पाठवण्याआधी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची आणि "बरोबर?" विचारायचं, ही त्याची सवय. त्या ओळीशी तो अडखळला. पुन्हा वाचली. तिच्याकडे पाहिलं.

"एप्रिल... बरोबर?"

नाही म्हणायचं ना पोरी! पण नाक आडवं आलं. मीच काहून आधी बोलू?

"बरोबर."

कागद घरघरत आत गेला. मशीन वाजलं. पोचल्याची चिठ्ठी त्यानं तिच्यासमोर ठेवली.

"मले वाटलं होतं, तू ऑक्टोबर म्हणशील."

"आता सांगून राहिला? मी तुझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती!"

"उद्या तू म्हणली असती, या झेरॉक्सवाल्यानं माझ्या पायात खोडा घातला..."

"तू मले आवडतो, वेड्या! तेवढंही समजलं नाही?"

"मलेही तू... पहिल्याच दिवसापासून, रोशनी."

दोघं हसले, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मग परत बोलव ना तो कागद!"

गेलेला फॅक्स कुठला परत येतो! तारीख बदलून दुसरा पाठवला. उत्तर आलं, एप्रिलमध्ये जागा पक्की, ऑक्टोबरच्या भरल्या. करार पाच वर्षांचा. तोवर रोशनीच्या आईनं अख्ख्या नंदनवनात पेढे वाटले होते. 'नको जाऊ' म्हणायला त्याची जीभ रेटली नाही, आणि 'नाही जात' म्हणायला तिची.

एप्रिलच्या रखरखत्या दुपारी ती तिकिटाची झेरॉक्स काढायला आली. बाहेर ऑटो उभा होता. सवयीनं त्यानं तिकीट मोठ्यानं वाचलं. तिचं नाव, नागपूर ते दिल्ली, दिल्ली ते टोकियो. आवाज फाटला, तरी सवय सुटली नाही.

"बरोबर?"

"नाही," रोशनी म्हणाली. "बरोबर नाही, प्रशिक."

जे थंडीत म्हणायचं ते ती भर उन्हात म्हणाली. त्यानं मान खाली घालून झेरॉक्स काढली, गरम कागद तिच्या हातात दिला, आणि ती ऑटोत जाऊन बसली.